हरिभाऊ राऊतांचं जळणं

हरिभाऊ राऊत जळायचे, आणि जळले की तसं सांगायचे.

एरवी माणसं शेजाऱ्याची नवी मोटारसायकल बघतात, "वा, छान!" म्हणतात आणि घरी येऊन बायकोवर खेकसतात. हरिभाऊ मोटारसायकलभोवती एक फेरी मारायचे, सीटवरून हात फिरवायचे आणि छातीवर पंजा ठेवून शांतपणे म्हणायचे, "जळलो." डॉक्टरला दुखणं सांगावं तसं. त्यात टोमणा नसायचा. नुसती माहिती.

या जळण्याला मापंही होती. साधी गोष्ट असली की "किंचित जळलो". मोठी असली की "अर्धा गेलो". आणि एखाद्याच्या केळीला आपल्यापेक्षा लांब घड लागला, तर "पार कोळसा".

माझी त्यांची ओळख आमच्या वास्तुशांतीला झाली. माझी बायको नीला आणि त्यांची बायको सुमनवहिनी वसईच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकाच खोलीत बसायच्या. मी साताऱ्याकडून आलेला शाळामास्तर, सोपाऱ्यात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता. हरिभाऊंची भुईगावात पिढीजात वाडी. विहीर, केळी, मोगरा, पानवेली, आणि कुंपण ओलांडलं की सुरूच्या झाडांपलीकडे समुद्र. असा माणूस आमच्या गॅलरीत उभा राहिला, समोरच्या पाण्याच्या टाकीकडे पाच मिनिटं बघत राहिला आणि म्हणाला, "वारा बरा येतो हो इथे, सर. किंचित जळलो."

आमच्या गॅलरीबद्दल कोणीतरी जळलं, याचा मला इतका आनंद झाला की मी त्यांना दोन लाडू जास्त वाढले.

त्यांच्या कुंपणाला लागून इनास नावाच्या शेजाऱ्याचं घर होतं. इनास नाताळला दारात येशूजन्माचा गोठा करायचा, आणि तो बघायला पार गास गावापासून माणसं यायची. एका वर्षी हरिभाऊ त्या गोठ्यासमोर उभे राहून पार कोळसा झाले. तसं त्यांनी इनासला सांगितलंही. पुढच्या नाताळला स्वतःच्या शेतातला पेंढा भारा बांधून त्याच्या दारात नेऊन टाकला, करंडीभर ओलं हिरवं गवत नेलं, आणि मग चार दिवस तिथेच स्टूल टाकून बसले. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "गोठा याचा. पेंढा आपला."

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. एक्स्चेंजमध्ये नवी कॉम्प्युटरची यंत्रणा येणार होती आणि तिच्या प्रशिक्षणासाठी नीला आणि सुमनवहिनी यांना आठ दिवस कलकत्त्याला पाठवायचं ठरलं. मला नाताळची सुट्टी होती, म्हणून मी नीलाबरोबर जायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी हरिभाऊ घरी आले.

"मीपण येतोय."

"आणि वाडी?"

"इनास बघेल. सर, एक विचारू? तिथे म्हणे घराघरात गातात?"

"ऐकलंय तसं."

"प्रत्येक घरात?"

त्यांचा चेहरा असा काही झाला होता, जणू प्रत्येक घरात पटकीची साथ आहे असं मी सांगितलं होतं.

नीला म्हणाली, "पहारा करायला येतायत, दुसरं काय." मला ते पटलं. जो माणूस पाण्याच्या टाकीवर जळतो, तो बायकोला आठ दिवस परक्या गावात कसा सोडेल?

आमची सोय भवानीपूरच्या एका गेस्ट हाउसमध्ये होती. पहिल्याच संध्याकाळी कळलं की लोक खोटं सांगत नव्हते. दिवेलागण झाली आणि गल्लीतल्या चार-पाच खिडक्यांतून पेट्या सुरू झाल्या. एका घरात कोणी मुलगी सा लावत होती, दुसऱ्या घरात कोणी म्हातारे गृहस्थ तान घेताना अडखळत होते, आणि खाली भजी तळणारा माणूस झारा हलवत तीच तान पुरी करत होता. सुमनवहिनी दिवसभराच्या दमल्या होत्या, जिना चढत होत्या. मध्येच थांबल्या. चपलेचा बंद सोडायला वाकल्या होत्या, तशाच वाकून ऐकत राहिल्या.

हरिभाऊ वरच्या पायरीवरून बघत होते. ते नेहमीचं वाक्य बोलतील म्हणून मी वाट बघितली. ते काहीच बोलले नाहीत.

बायका सकाळी नऊला प्रशिक्षणाला गेल्या की आम्ही दोघं नवरे शहर बघायला मोकळे. हरिभाऊंबरोबर शहर बघणं हे मोठं दमवणारं काम होतं. व्हिक्टोरिया मेमोरियलचा संगमरवर त्यांनी नखाने खरवडून बघितला. "किंचित." ट्राममध्ये बसून तिची घंटा ऐकली. "अर्धा." हावडा पुलाखालच्या फुलबाजारात मात्र त्यांचे पायच उचलेनात. झेंडूच्या माळांचे डोंगर, निशिगंधाच्या मोळ्या. हरिभाऊंनी मोगऱ्याची एक कळी उचलली, नाकाशी धरली आणि त्यांच्या डोळ्यांत सुटकेचा आनंद आला. "आपल्या मोगऱ्याला वास जास्त आहे, सर!" ते फुलवाल्यालाही सांगायला गेले. "हमारे मोगरे को जास्ती वास है!" वास म्हणजे त्याला काय वाटलं कोण जाणे, पण त्याने आम्हाला हाकलून दिलं.

बोटॅनिकल गार्डनमधला तो प्रचंड वड बघून मात्र ते खाली मातीत बसले. एका झाडाचं अख्खं रान झालेलं. शेकडो पारंब्या जमिनीत उतरून त्यांची खोडं झालेली. बराच वेळ बसून म्हणाले, "मूळ खोड नाहीच म्हणे आता. कुजलं म्हणून काढून टाकलं. तरी बघा." त्या झाडावर ते जळले की नाही, हे मला कळलं नाही.

तिसऱ्या दिवसापासून दुपारी दोन वाजले की हरिभाऊ गायब व्हायला लागले. "पाय दुखतात. तुम्ही जा, सर." मी एकटाच म्युझियमला जायचो, आणि परत यावं तर खोलीला कुलूप. संध्याकाळी विचारलं तर म्हणायचे, "फिरलो जरा."

मी नीलाला सांगितलं. ती केस विंचरत होती, तिचा हात थांबला.

"सुमन गायची, माहीत आहे?" ती म्हणाली. "लग्नाआधी नऊ वर्षं शिकलेली. लग्न झालं त्या वर्षी भुईगावच्या देवळात रामनवमीला गायली. मागे तिचा गुरुबंधू तंबोऱ्यावर. लोकांनी डोक्यावर घेतली तिला. घरी आल्यावर हरिभाऊ तीन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. भांडले नाहीत, नको म्हणाले नाहीत. नुसते बोलले नाहीत. चौथ्या दिवशी तिने तंबोरा माहेरी पाठवून दिला. वीस वर्षं झाली."

मला हरिभाऊंचा राग आला. आणि आता हे रोज दुपारी जातात कुठे? प्रशिक्षणाच्या इमारतीबाहेर उभे राहून बायको कोणाशी बोलते ते बघत असणार, अशी माझी खात्रीच झाली.

पाचव्या दिवशी मी त्यांच्या मागे गेलो. मास्तराने एका बागायतदाराचा पाठलाग करावा, ही काही अभिमानाने सांगायची गोष्ट नाही. हरिभाऊंच्या हातात सुकेळ्यांची पुडी होती. वसईहून निघताना त्यांनी वाळवलेल्या केळ्यांच्या सहा पुड्या केळीच्या सोपट्यात, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीत, बांधून आणल्या होत्या, आणि त्यातलं एकही सुकेळं अजून मला मिळालं नव्हतं. त्या क्षणी मी कोणावर जास्त चिडलो होतो, नवऱ्यावर की सुकेळ्यांच्या मालकावर, हे सांगता यायचं नाही.

ते तीन गल्ल्या ओलांडून एका पडक्या गच्चीच्या घरात शिरले. मी खिडकीशी गेलो. आत सतरंजीवर पांढऱ्या साडीतल्या एक वृद्ध बाई बसल्या होत्या. त्यांना सगळी गल्ली माशीमा म्हणते हे मला मागाहून कळलं. त्यांच्यासमोर, मांडी घालता घालता कण्हत, मांडीवर तंबोरा घेऊन आमचे हरिभाऊ बसले होते.

"आस्ते!" माशीमा म्हणाल्या. "तार को मारो मत. छुओ."

हरिभाऊंनी तार छेडली. कट्! कुदळ धरून घट्टे पडलेलं बोट. पुन्हा कट्! माशीमांनी कपाळाला हात लावला. हरिभाऊ थांबले. केळीचा नवा पोगा उलगडताना कोवळं पान फाटू नये म्हणून बोट जसं लावतात, तसं त्यांनी बोट तारेला लावलं. या वेळी तार बोलली. मग दुसरी, तिसरी, चौथी. खोली हळूहळू भरत गेली.

तेवढ्यात त्यांना मी दिसलो.

बाहेर पायरीवर येऊन बसले. मला एक सुकेळं दिलं. बराच वेळ दोघंही चघळत राहिलो.

"पहिल्या दिवशी माशीमांना सांगितलं, मेरे को गाना नहीं सिखने का. पीछे बैठने का सिखने का. त्या हसल्या खूप. म्हणाल्या, तेच अवघड."

"हरिभाऊ, वहिनींना माहीत आहे?"

"नाही." त्यांनी सोपट्याची गाठ पुन्हा पुन्हा घट्ट केली. "त्या रामनवमीला मी जळलो, सर. तिच्यावर नाही. तो मागे बसला होता ना, त्याच्यावर. ती गाता गाता मध्येच मागे वळून त्याच्याकडे बघायची. सूर बरोबर आहे ना, एवढंच विचारायला. माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं तिने. आणि मला सूर कशाशी खातात तेही माहीत नाही. हे कसं सांगायचं? लाज वाटली. गप्प बसलो. चौथ्या दिवशी तंबोरा टेम्पोत चढताना बघितला, तेव्हाही गप्प बसलो. त्या दिवशी ठरवलं, यापुढे जळलं की लगेच सांगून टाकायचं. आत ठेवायचं नाही."

"मग हेही सांगायचं त्यांना."

"वीस वर्षांनी? काय सांगू? म्हणून हे." त्यांनी आपलं लाल झालेलं बोट मला दाखवलं.

खरं सांगतो, त्या पायरीवर बसून मी जळलो. माझी नीला चित्रं छान काढायची. सोपाऱ्याला आल्यापासून तिने ब्रश हातात घेतला नव्हता, आणि का घेतला नाही, हे विचारावंसंही मला कधी वाटलं नव्हतं. पण हरिभाऊंसारखं छातीवर हात ठेवून ते सांगण्याची हिंमत माझ्यात नव्हती. मी आणखी एक सुकेळं मागितलं.

शेवटच्या दिवशी प्रशिक्षण दुपारीच संपलं. "एका ठिकाणी जायचंय," एवढंच बोलून हरिभाऊ आम्हाला माशीमांकडे घेऊन गेले. त्यांच्या तीन विद्यार्थिनी होत्या, एकीचे वडील होते. चहा झाला, संदेश खाऊन झाले. मग माशीमा सुमनवहिनींकडे वळल्या.

"तुमि गाबे?"

"नाही हो," वहिनी मराठीतच म्हणाल्या. "गळा गेला माझा. खूप वर्षं झाली."

हरिभाऊ उठले. कोपऱ्यातला तंबोरा उचलला आणि वहिनींच्या मागे जाऊन बसले. वहिनींनी वळून बघितलं. त्यांना वाटलं असावं, हे काहीतरी पाडणार, कारण त्या "अहो, अहो!" म्हणाल्या. पण हरिभाऊंनी मान खाली घालून तारा छेडायला सुरुवात केली होती.

वहिनी बघत राहिल्या. नवऱ्याकडे, मग त्या जाड बोटांकडे. मग त्या सरकल्या, एका खुंटीला हात घातला आणि म्हणाल्या, "खर्ज उतरलाय."

"मला नाही कळत ते," हरिभाऊ म्हणाले. "तू लाव."

त्यांनी खर्ज लावला.

"तू गा नाहीतर नको गाऊ," हरिभाऊ खालच्या आवाजात म्हणाले. "मी इथे बसलोय."

वहिनींनी डोळे मिटून सा लावला. आवाज फाटला. त्या हसल्या, पदराने तोंड पुसलं, पुन्हा लावला. तिसऱ्या वेळी तो तारांमध्ये मिसळला, आणि मग त्या हळूहळू, अंधारात आपल्याच घराच्या पायऱ्या चाचपाव्यात तशा वर जायला लागल्या. रे. ग. नीलाने माझा हात धरला. वहिनींचा आवाज खरखरीत होता, जागोजागी तुटत होता, पण एका जागी तो असा काही वळला की त्या विद्यार्थिनीचे वडील उत्स्फूर्तपणे मोठ्याने म्हणाले, "आहा!"

हरिभाऊंचा हात थांबला. एक तार चुकली, मग दुसरी. खोलीत एकदम पोकळी झाली. त्यांनी त्या गृहस्थांकडे बघितलं, आणि वीस वर्षांपूर्वीचे ते तीन दिवस कसे असतील, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

वहिनींनी वळून बघितलं नाही. त्या वर जायच्या थांबल्या, परत सा-वर उतरल्या आणि तो धरून ठेवला. लांब, सरळ, अजिबात न हलवता. दम संपत आला तरी सोडला नाही. मागून पंचमाची तार वाजली, मग जोड, मग खर्ज. चारही तारा पुन्हा एकमेकींत मिसळेपर्यंत त्या तशाच थांबल्या. मग पुढे निघाल्या.