चौगुल्यांची तीन सेशनं

जयसिंगपूरच्या मगदूम मंगल कार्यालयाच्या वेबसाइटवर कोणी लॉगिन केलं, की त्या माणसाचं सेशन, म्हणजे त्या लॉगिनपुरती त्याची नोंद, कार्यालयाच्या मागच्या खोलीत येऊन बाकावर बसायची. दिसायला अगदी त्या माणसासारखंच, फक्त दुपारच्या झोपेतून नुकतंच उठवल्यासारखं. गळ्यात टोकनचा, म्हणजे ओळखक्रमांकाचा, बिल्ला. त्या माणसानं मोबाइलवर जे काही दाबलं, लिहिलं, खोडलं, ते सगळं सेशनला तोंडपाठ असायचं. विचारल्याशिवाय मात्र ते चकार शब्द काढत नसे, आणि सलग तीस मिनिटं कोणी काहीच विचारलं नाही, तर उठून समोरच्या भिंतीतून निघून जायचं. त्याच्याबरोबर सगळी माहितीही जायची.

या खोलीचं काम कुंदाताई शेडबाळे नऊ वर्षं बघत होत्या. पुढच्या खिडकीतून चिठ्ठी यायची, अमुक टोकन काय म्हणतंय? कुंदाताई बाकापाशी जायच्या, बिल्ला बघायच्या, विचारायच्या आणि उत्तर लिहून चिठ्ठी परत सरकवायच्या. एकाच्या टोकनवर दुसऱ्याला काही विचारायचं नाही आणि चिठ्ठी आल्याशिवाय आपण होऊन कोणालाच विचारायचं नाही, असे दोन नियम भिंतीवर लावलेले होते. दुसरा नियम उगीच नव्हता. काहीही विचारलं की सेशनचं घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. मागच्या वर्षी बदलीवर आलेल्या एका बाईंनी सवयीनं ‘जेवलात का?’ असं विचारून विचारून चौदा सेशनं संध्याकाळपर्यंत अडकवून ठेवली होती.

मंगळवारी सव्वाअकराच्या सुमारास हणमंतराव चौगुल्यांचं सेशन आलं. त्यानं सात मेचं मोठं सभागृह धरून ठेवलं. मुलीचं, वृषालीचं लग्न होतं. विशेष सूचनांच्या रकान्यात हणमंतरावांनी लिहिलं होतं, की जावई नऊ तारखेला मस्कतला जाणार, गावात दुसरं कार्यालय रिकामं नाही, ही तारीख हुकली तर लग्न वर्षभर लांबणार, तरी हात जोडून विनंती. वेबसाइटपुढे हात जोडणारा माणूस कुंदाताईंना तेव्हाच आवडला. बाकाच्या दुसऱ्या टोकाला आवट्यांचं सेशन बसलं होतं. त्यालाही सात मेच हवी होती, आणि चौगुले कधी उठतात याकडे ते डोळे लावून होतं. त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या मधूनमधून येत होत्या, त्यामुळे ते स्वतः उठत नव्हतं.

तेवढ्यात आणखी एक चौगुले आलं. चेहरा बाईचा, खातं तेच. चौगुल्यांच्या घरी पासवर्ड कॅलेंडरवर गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी लिहिलेला होता आणि घरातलं कोणीही आपापल्या मोबाइलवरून लॉगिन करायचं. हे हणमंतरावांच्या बायकोचं, मालनबाईंचं सेशन. त्यांनी जेवणातली जिलेबी काढून बासुंदी घातली होती. मग तिसरं आलं, पांढऱ्या झुपकेदार मिशांचं. हणमंतरावांचे थोरले भाऊ धोंडिराम, ज्यांना सगळं घर आण्णा म्हणायचं, त्यांचं. त्यानं काहीच निवडलं नव्हतं. ते बाकी दोघांकडे पाठ करून बसलं.

अकरा चाळीसला हणमंतरावांनी ‘नक्की करा’ दाबलं. खिडकीतून चिठ्ठी आली, चौगुले काय म्हणतात? कुंदाताईंनी ओळीनं विचारलं. पहिलं म्हणालं, सात मे आणि जिलेबी. दुसरं म्हणालं, सात मे आणि बासुंदी. तिसरं गप्प. कुंदाताईंनी प्रामाणिकपणे तिन्ही उत्तरं लिहून पाठवली. बाराच्या ठोक्याला चिठ्ठी लाल शाईचा शेरा घेऊन परत आली. ‘एका खात्याचं एकच उत्तर द्यावं. कोणी गप्प असल्यास ती संमती धरता येणार नाही.’

कुंदाताईंनी हिशेब मांडला. तिसरं गप्प राहून कंटाळून गेलं असतं तर निम्मा प्रश्न मिटला असता. पण विचारताना त्याचा नंबर शेवटचा होता, म्हणजे उठायलाही ते शेवटचंच. त्याच्या आधी पहिलं उठणार, आणि जाताना धरून ठेवलेली सात मे सोडून जाणार. आवट्यांच्या सेशननं आत्ताच पाय चपलेत सरकवले होते.

लाल शेरा हीसुद्धा चिठ्ठीच आहे, असं त्यांनी मनाशी ठरवलं. नऊ वर्षांत एवढी सूट त्यांनी कधी घेतली नव्हती. ज्याच्यामुळे अडलं होतं, त्या तिसऱ्यापासूनच त्यांनी सुरुवात केली.

“आपली निवड काय?” त्यांनी विचारलं.

“न्हाई.”

“तारीख पाहिलीत?”

“बगितली.”

“मान्य आहे?”

तिसऱ्यानं मिशीवरून हात फिरवला आणि भिंतीकडे बघितलं. बारा वाजून चार मिनिटं झाली होती. पहिल्याला उठायला सहा मिनिटं उरली होती.

कुंदाताईंनी तिसऱ्याला काय काय उघडून पाहिलंत ते विचारलं. त्यानं सांगितलं. आण्णांनी बाकी कशाला हात लावला नव्हता, पण निमंत्रकाच्या नावाचं पान सात वेळा उघडलं होतं आणि सात वेळा बंद केलं होतं. त्या रकान्यात हणमंतरावांनी स्वतःचं नाव घातलेलं होतं. कुंदाताईंना तीन मोठे दीर होते. पुढचं त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्यांनी पेन खाली ठेवलं, डोक्यावर पदर घेतला आणि समोर जाऊन उभ्या राहिल्या.

“आण्णा, पोरीचं लग्न सात मेला धरू का?”

तिसऱ्यानं मिशीवरचा हात खाली घेतला.

“ह्येच घरात कुणी इचारलं न्हाई.”

“मी विचारतेय.”

“मग धरा. आन जिलेबीच ऱ्हाऊ दे.”

मालनबाईंच्या सेशनला विचारलं, तर आण्णा म्हणतील तसं, असं ते म्हणालं. बासुंदीचं नावही काढलं नाही. पहिल्याला विचारलं, तर ते हो म्हणत रडायलाच लागलं. बारा वाजून आठ मिनिटांनी कुंदाताईंनी एकच उत्तर लिहिलं, ‘सात मे, जिलेबी, निमंत्रक धोंडिराम चौगुले, त्यांच्या संमतीने’, आणि चिठ्ठी सरकवली. आवट्यांच्या सेशननं चौदा जून निवडली.

पावती गेल्यावर खिडकीतून चिठ्ठ्यांचा सपाटा सुरू झाला. आण्णांच्या मोबाइलवरून पावती पुन्हा दाखवा, पुन्हा दाखवा, अशा नऊ चिठ्ठ्या आल्या. नऊही वेळा तिसऱ्यानं ती मोठ्यानं वाचून दाखवली. ‘त्यांच्या संमतीने’ या शब्दांवर ते दर वेळी जरा थांबत होतं.

तारीख नक्की झाली की घरातल्या थोरल्याला नारळ द्यायचा आणि फेटा बांधायचा, ही मगदूमांची रीत. मगदूम स्वतः ताट घेऊन आत आले आणि त्यांनी तिघांकडे पाहिलं. पहिली दोन सेशनं बाजूला सरकली. मगदूमांनी तिसऱ्याला फेटा बांधला, नारळ हातात दिला, वाकून नमस्कार केला आणि ते पुढच्या कामाला निघून गेले.

पुढच्या अर्ध्या तासात दुसरं उठलं, मग पहिलं. चिठ्ठ्या थांबल्या होत्या. चौगुल्यांकडे बहुधा पानं वाढली असावीत. तिसरं नारळ मांडीवर घेऊन ताठ बसलं होतं. त्याचं एक मिनिट उरलं होतं. त्यानं भिंतीकडे पाहिलं, मग कुंदाताईंकडे पाहिलं आणि उठण्यासाठी गुडघ्यावर हात ठेवला.

खिडकीत चिठ्ठी नव्हती. कुंदाताई नियमांच्या पाटीकडे पाठ करून त्याच्यासमोर आल्या.

“आण्णा, फेटा घट्ट झालाय का?”

“थोडा,” ते म्हणालं, आणि पुन्हा नीट टेकून बसलं.