टिपणीसकाकांचा उजेडाचा हिशोब

टिपणीसकाका माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, सावलीकडे बघतात. भर दुपारी शाळेतून पोरांवर ओरडून दमून यावं, रिक्षातून उतरून पिशव्या सावरत गेटातून आत शिरावं, तर हे समोर उभे. "जरा थांबतेस? सावलीला आज कड नाही." मी थांबते. का थांबते, ते मला आजवर कळलेलं नाही. सावलीची कड स्वच्छ असेल तर ऊन चांगलं, पुसट असेल तर मध्यम, आणि सावलीच नसेल तर काकांचा दिवस फुकट.

हा सगळा खटाटोप गळ्यातल्या डब्यासाठी. डबाच तो. काळा, चौकोनी, जुन्या काळचा बॉक्स कॅमेरा. कोलशेतच्या आमच्या सोसायटीत प्रत्येकाच्या हातात फोन आहे, आणि फोन स्वतःचं स्वतः बघून घेतो. या डब्याला भोक एक आणि वेग एक. तो काही करत नाही, जे काय करायचं ते उजेडाने आणि समोरच्या माणसाने. "घाई नको, उजेड येतोय," हे काकांचं पालुपद.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर ग्रुप फोटोची जबाबदारी त्यांनी आपणहून घेतली. सगळे रांगेत उभे राहिले, पण समोरच्या टॉवरमागून ऊन अजून यायचं होतं. चेअरमन घड्याळ बघू लागले. पोरं जिलेबीकडे पळाली. पाठोपाठ त्यांच्या आया गेल्या. ऊन आलं तेव्हा फोटोत चेअरमन, वॉचमन आणि मी एवढेच उरलो होतो. मी उरले, कारण निघून जायलाही अंगात जोर लागतो. फोटो मात्र सुरेख आला. वॉचमनने तो गावाला पाठवला.

खरं तर आमच्या कुणाच्या फोटोत काकांना रस नाही. त्यांना सुधाकाकूंचा, म्हणजे बायकोचा, एक चांगला फोटो हवाय. काकूंची आठवण गेलीय. नवरासुद्धा त्यांना ओळखू येत नाही. बाहेर नेलं की घाबरतात, म्हणून तळमजल्यावरच्या आपल्या अंधाऱ्या खोलीतच असतात. फोन समोर धरला तर त्यांना तो कॅमेरा वाटतच नाही, तोंड फिरवतात. डबा दिसला की मात्र पदर सारखा करून ताठ बसतात.

आता अंधाऱ्या खोलीत त्या एका वेगाने काही उमटत नाही. मग बाजूची पट्टी ओढायची. ती ओढली की बटण दाबून धराल तेवढा वेळ भोक उघडं राहतं. किती वेळ धरायचं, हा हिशोब. कमी धरलं तर फोटो काळा, जास्त धरलं तर पांढरा फटक. हिशोबाला माणूस लागतो, आणि तो माणूस मी. आठवड्यातली एकुलती एक सुट्टी मी काकूंच्या खुर्चीत काढते आणि काकू पलंगावरून माझ्याकडे बघत राहतात. काका माझ्या गालाजवळ पांढरा रुमाल धरतात, पडदा वीतभर सरकवतात आणि मोजतात, "एक डोंबिवली, दोन डोंबिवली." डोंबिवली म्हणायला एक सेकंद लागतो म्हणे. ठाणे फार पटकन संपतं.

दोन डोंबिवलींवर हिशोब बसला. काकांनी मोरीत रोल धुतला, तर माझ्या डोळ्यांखालची काळी वर्तुळंसुद्धा स्वच्छ आलेली. मी म्हटलं, सुटले.

सुटते कसली. काकूंचे फोटो काही येईनात. दर वेळी निगेटिव्ह काळीकुट्ट. निगेटिव्हवर सगळं उलटं, म्हणजे उजेड जास्त झालेला. काका कधी पडद्याला दोष देत, कधी टॉवरच्या काचांना, आणि मला पुन्हा खुर्चीत बसवत. मी अगदी विटून गेले होते. शेवटी एका रविवारी, चूक नेमकी कुठे होते ते बघायचंच म्हणून दारात उभी राहिले.

काकू खुर्चीत बसल्या. पदर नीट केला, हनुवटी वर केली. काकांनी डबा स्टुलावर ठेवून बटण दाबलं आणि काकू हसल्या. थेट काकांकडे बघून, अगदी ओळखीचं. "एक डोंबिवली, दोन डोंबिवली." इथे बोट उचलायचं. काकांनी उचललं नाही. तीन झाले, चार झाले, मग त्यांनी मोजणंच सोडून दिलं. मी दारातून खुणा करत होते, पण माझ्याकडे लक्ष कुणाचं? काकू हसत होत्या आणि काका त्यांच्याकडे बघत होते. शेवटी बोट दुखलं असावं. खट् आवाज झाला, तसं काकूंचं हसू मावळलं.

"झालं का हो भाऊ, तुमचं?" त्यांनी काकांना विचारलं.

"हो ताई, झालं," काका म्हणाले.

स्वयंपाकघरात ते चहा टाकायला आले, तेव्हा मी मागोमाग गेले. हळूच म्हटलं, "काका, फोटो जळला असणार."

"जळलाच." त्यांनी पातेल्यात पाणी ओतलं. "खट् होईपर्यंतच ती माझ्याकडे तशी बघते गं. फोटो चांगला आला, तर परत कुठल्या निमित्ताने बसवू तिला?"

मला रडू आलं. पदराने डोळे पुसले आणि कपाटातून कप काढले.

"हिशोबच चुकला आपला," मी म्हटलं. "पुढच्या रविवारी परत येते."