चप्पल घातली की हापिस

घरी बसून लिखाणाची कामं करणाऱ्या बाईला काय लागतं? प्रतिभा? छे! नियोजन लागतं. आणि त्या शनिवारी माझं नियोजन असं होतं, की लग्नाच्या आचाऱ्याने येऊन शिकून जावं!

पुण्याच्या एका ध्यानधारणेच्या अ‍ॅपसाठी मराठी मजकूर लिहायचा होता. वर्षभराचं काम. ते मिळालं असतं तर दर महिन्याला नवं गिऱ्हाईक शोधणं संपलं असतं. दुपारी व्हिडिओ कॉलवर मला नमुना वाचून दाखवायचा होता. विषय : शांतता.

म्हणून सकाळपासून मी शांततेच्या मागे हात धुऊन लागले. कुकर बंद. दाराच्या घंटीचा खटका बंद. माझा नवरा व्यंकटेश फोनवर कुजबुजला तरी गल्लीतल्या म्हशी कान टवकारतात, म्हणून त्याला ज्वारी दळायला पिटाळलं. दुसरा शनिवार, शाळेला सुट्टी, म्हणून आमच्या सात वर्षांच्या चैत्रालीला रंगपेटी दिली. आईला मात्र काही सांगितलं नाही. आईला सांगावं लागत नसे. तिच्यापाशी चपलेचा कायदा होता.

हा कायदा जरा समजावून सांगते. वडील गेल्यावर आई गावाहून, बेल्याहून, आमच्याकडे आदिलाबादला राहायला आली. माझं काम तिला कळेना. ‘दिवसभर त्या डब्ब्यापुढं बसून राह्यते, अन् मनते काम हाये!’ गल्लीचंही तेच मत. ही घरीच तर असते, म्हणून जो तो सरळ आत यायचा. अशाच एका दुपारी पाहुण्यांना चहा करता करता एक काम माझ्या हातचं गेलं. त्याच संध्याकाळी आई बाजारात गेली आणि माझ्यासाठी तपकिरी चपला घेऊन आली.

“मानूस कामाले जाते तं चप्पल घालून जाते. अनवानी कोन हापिसात जाते वं? पायात चप्पल असली का तू हापिसात. काढली का घरी.”

हे बोलत कोण होतं? जिच्या घरी बाहेरची चप्पल उंबऱ्याच्या आत आली तर सगळं घर धुऊन निघायचं, ती बाई!

तेव्हापासून मी चपला घालून टेबलाशी बसले, की आई खोलीच्या दारात खुर्ची टाकून भाजी निवडायला बसायची. तिला ओलांडून आत येणं राज्याची सीमा ओलांडण्यापेक्षा अवघड!

“पद्मिनी हाये का जी?” शेजारच्या सोजरबाई विचारायच्या.

“हापिसात गेली.”

“माय! थे तं इथूनच दिसून राह्यली ना!”

“दिसते तं दिसू दे. हापिसात हाये. सांजच्याले या.”

काम संपवून मी चपला काढल्या, की आई पाण्याचा तांब्या घेऊन हजर.

“आली का वं?”

“आई, मी गेले कुठे होते!”

रोज तिचा तोच प्रश्न, रोज माझं तेच हसणं. आणि शनिवारी, मला सुट्टी असते म्हणून, ती त्या चपला साबणाने घासून गच्चीवर वाळत घालायची.

दर शनिवारी. आता तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

कॉल सुरू झाला. पडद्यावर दोघं होती. अदिती नावाची तरतरीत मुलगी आणि तिचे साहेब, हेरंबसर. “मॅडम, आम्ही प्रत्यक्ष अनुभवच घेतो,” म्हणत दोघांनी डोळे मिटले. मी आवाजात मध घातला.

“तुम्ही एका सरोवराकाठी बसला आहात. आसपास कोणीही नाही...”

“आज्जी! आई घरी आहे!” चैत्राली दारात ओरडली.

“हापिसात असन. पाय पाह्य तिचे.”

टेबलाखाली खुडबुड झाली. एका बारक्या हाताने माझा अंगठा धरला.

“उघडे आहेत!”

“...एक हळुवार स्पर्श तुम्हाला— आई गं!— तुम्हाला जाणवतो आहे,” मी वाचलं. डोळ्यांनी चैत्रालीला बाहेर जायला सांगितलं. ती खूश होऊन मांडीवरच चढली.

तेवढ्यात तांब्या आला.

“आली का वं? मंग सांगत काऊन नाई? सोजरबाई कवाची बाहेर बसून हाये. या जी, घरीच हाये!”

सोजरबाईंना नातवाच्या बारशाच्या पत्रिकेसाठी दोन ओळी हव्या होत्या. “जास्त नाई, बाई. दोनच. पन डोळ्याले पानी आलं पायजे!”

माझ्या डोळ्याला आलंच होतं. “दीर्घ श्वास घ्या,” मी वाचलं. ते मी माझ्यासाठीच वाचलं.

आणि मग पंढरी आला. हा आईच्या चुलतभावाचा मुलगा. चैत्रालीच्या गादीसाठी सरकी काढलेल्या कापसाचं पोतं मोटारसायकलवर बांधून तो बेल्याहून आला होता. “आत्या, कुठं ठेवू?” त्याने विचारलं आणि उत्तराआधीच ते माझ्या टेबलाशेजारी ठेवलंही. आईने पोत्याच्या तोंडाची सुतळी सोडली, दोन्ही हात आत घातले आणि ओंजळभर कापूस वर उचलला.

“पाह्य पद्मिनी, कसा हाये! दुधावानी!”

वर पंखा पाचावर होता.

माझ्या सरोवरावर बर्फ पडायला लागला! सोजरबाईंच्या अंबाड्यात कापूस, तांब्यात कापूस, माझ्या उघड्या तोंडात कापूस. चैत्राली मांडीवर उभी राहून टाळ्या पिटत होती. पंढरी पंख्याचं बटण शोधत होता आणि दरवेळी दिवाच लावत होता.

तेव्हा आईची नजर लॅपटॉपवर गेली. ती वाकली. डोळे मिटलेल्या दोघांकडे तिने निरखून पाहिलं आणि तोंडावर बोट ठेवलं.

“चूप व्हा सारे! झोपले हायेत बिचारे. उठवू नका.”

आणि काय सांगू! सगळे गप्प झाले. सोजरबाई, पंढरी, चैत्रालीसुद्धा. कापूस आवाज न करता खाली येत होता. आई पदराने माझ्या केसांतला कापूस एकेक टिपत होती. सकाळपासून मी जिच्या मागे लागले होते, ती शांतता ही अशी माझ्या खोलीत येऊन उभी राहिली.

मग पंढरी शिंकला.

हेरंबसरांनी डोळे उघडले आणि खुर्चीसकट मागे सरकले. अदिती तोंड दाबून हसत होती. मी लॅपटॉप मिटला.

“आई! काय केलंस हे!”

“मी का केलं? तुया पायात चप्पल नव्हती. चप्पल नाई तं हापिस नाई. कायदा मंजे कायदा!”

आधी सोजरबाई हसल्या, मग मी. आई सगळ्यांत शेवटी, पण सगळ्यांत जास्त. संध्याकाळी तिने गच्चीवरून चपला आणल्या आणि टेबलाखाली लावून ठेवल्या.

रविवारी सकाळी आई उठली नाही. झोपेतच गेली, डॉक्टर म्हणाले. त्याबद्दल मला इथे आणखी काही लिहायचं नाही.

ते काम मला मिळालं. आता शांततेसाठी कसलंच नियोजन करावं लागत नाही. पंखा लावला की पात्यावरून अजून एखादा कापसाचा पुंजका खाली येतो, तेवढंच.

तेरावं झाल्यावर मी पहिल्यांदा टेबलाशी बसले. चपला तिने ठेवल्या होत्या तशाच होत्या. पाय घातले. दारातली खुर्ची रिकामी होती. थोड्या वेळाने बाहेर सोजरबाईंचा आवाज आला. कुणीच अडवलं नव्हतं, तरी त्या खुर्चीपाशी थांबल्या, माझ्या पायांकडे पाहिलं आणि परत गेल्या.

दिवस कलला तेव्हा मजकूर पाठवला आणि चपला काढल्या. काढून तशीच बसले. कुणी विचारील म्हणून बसले, असं म्हटलं तरी चालेल. मग उठून स्वयंपाकघरात गेले, तांब्या भरला, आणि रिकाम्या खुर्चीसमोर उभी राहून मोठ्याने म्हटलं,

“आले, आई.”

पलीकडे चित्र रंगवणाऱ्या चैत्रालीने मान वर केली.

“आई, तू गेली कुठे होतीस?”

“हापिसात,” मी म्हटलं.