पीठ फुगायच्या आत

इंदिराक्का घड्याळ बघून पळत नाहीत, पीठ बघून पळतात. पहाटे पाचला नाचणी-गव्हाचं पीठ यीस्ट घालून मळायचं, पातेल्यात ओल्या फडक्याखाली झाकायचं, बुटांच्या नाड्या आवळायच्या आणि म्हैसूरच्या कडेच्या हिनकलहून हुणसूर रस्त्याला लागायचं. पीठ दुप्पट फुगायच्या आत घरी. थंडीत पीठ सावकाश फुगतं, म्हणून थंडीत अक्का लांब पळतात. एप्रिलमध्ये त्यांचा वेग पाहून रस्त्यावरची कुत्री बाजूला होतात.

वय एकसष्ट. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त. पूर्वज मराठी रंगारी, कैक पिढ्या म्हैसुरात. त्यामुळे मराठी बोलता बोलता अक्का कधी कन्नडमध्ये शिरतात ते त्यांनाही कळत नाही. मी नोकरीसाठी साताऱ्याहून आलो आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागलो. तेव्हापासून भीतीत आहे.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला जिन्यात म्हैसूरपाकाच्या डब्यासकट पकडलं.

“अय्यो! आत जाऊन हे काय करतं, गोत्ता? ठाऊक आहे?”

“काय करतं?”

“प्लास्टर! रक्तवाहिनीला आतून प्लास्टर. वय किती तुझं? बेचाळीस? आयतु.”

‘आयतु’ म्हणजे ‘झालं’. ते त्या अशा सुरात म्हणाल्या, की मी जिन्यातच माझी नाडी मोजायला लागलो.

संध्याकाळी त्या स्वतः भाजलेला पाव घेऊन वर आल्या. जवस, तीळ, भोपळ्याच्या बिया, सगळं ठासून. हातात घेऊन सुजाता, माझी बायको, हळूच म्हणाली, “खायचा आहे की दाराला लावायचा?” पण भाजून वर लोणी फासल्यावर तो असा काही लागला, की आम्ही दोघांनी बसल्या बैठकीत संपवला. लोण्याचं आम्ही अक्कांना अजून सांगितलेलं नाही.

कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला त्यांनी डालड्याबद्दल असं काय सांगितलं कोण जाणे. अक्का दिसल्या की तो काउंटरखाली वाकतो. मला मात्र वाकायला जागा नव्हती. रोज जिन्यात एक नवा अवयव धोक्यात यायचा. सोमवारी यकृत, मंगळवारी मूत्रपिंड. रात्री कुशीवर वळलो तरी छातीत काहीतरी हललंसं वाटायचं.

मागच्या फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळी आठला दूध आणायला उतरलो. अक्कांच्या स्वयंपाकघराची खिडकी जिन्यात उघडते. आत पाहिलं आणि पाय थांबले. पीठ पातेल्यातून बाहेर येऊन ओट्यावर पसरलं होतं. फडकं खाली पडलं होतं. अक्का कुठेच नव्हत्या.

फोन लावला; तो आतच वाजला.

मी स्कूटर काढली. त्या रस्त्याला लॉऱ्या कशा धावतात मला माहीत होतं. प्रत्येक वळणाला वाटायचं, पुढे गर्दी दिसेल. एका ठिकाणी खरंच चार माणसं उभी होती; मी थांबलो तेव्हा कळलं, टायर पंक्चर झालाय. मी पुन्हा स्कूटर चालू केली.

अक्का एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलेल्या दिसल्या. धडधाकट. पण मला पाहून उठल्या नाहीत.

“काय झालं, अक्का?”

“एक जण पळत होते माझ्यापुढे. पडले रे धाडकन. मी छाती दाबत राहिले, अँब्युलन्स येईपर्यंत. आता नेलं.” त्यांनी तळहात पुढे केले, ते लाल झाले होते. “वाचतील ना?”

“वाचतील. पण तुम्हाला हे येतं कसं?”

“आमचे हे गेल्यावर शिकले.” अक्का रस्त्याकडे बघत होत्या. “हे स्वयंपाकघरात पडले तेव्हा मी कॉलेजात होते. शेजारी कुणी नाही. दुपारी दार उघडलं, तर... चहा ओट्यावर तसाच होता.”

आम्ही राहायला आल्यापासूनच्या पाच वर्षांत त्यांच्या तोंडून नवऱ्याबद्दल हे पहिलेच शब्द. मी शेजारी बसलो.  मग मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून घरी आणलं. वाटेत त्यांनी माझा खांदा घट्ट धरला होता.

संध्याकाळी त्या माणसाच्या मुलाचा फोन आला. कुणी चौकशीला आलं तर द्यायला दुकानाशेजारच्या पानवाल्याकडे मी माझा नंबर ठेवला होता. वडील शुद्धीवर आले होते. मी खाली धावत जाऊन सांगितलं. अक्कांनी पदराने तोंड झाकलं आणि आत गेल्या. मला वाटलं, झालं, आता उद्यापासून परत माझं यकृत.

पण थोड्या वेळाने त्या जिना चढून आल्या. आत आल्या नाहीत, उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

“सुजाता,” त्या म्हणाल्या, “आजच्या दिवस खाली झोपायला येशील का ग? सुम्ने, म्हणजे काही नाही तसं... मला भीती वाटते.”

सुजाता लगेच उठली. उशी आणि चादर घेतली आणि त्यांचा हात धरून जिना उतरू लागली. मी वरून बघत राहिलो. खालचं दार अक्कांनी आधीच सताड उघडं ठेवलं होतं, आणि आतले सगळे दिवे लावले होते.