आक्कांना काढलं म्हणे

मुतगेकरांच्या लॅपटॉपमधून सकाळपासून कर्र-कर्र आवाज येत होता. शरदरावांना वाटलं, बायको स्वयंपाकघरात नारळ खवतेय. पण सरोजिनीबाई त्यांच्या मागेच उभ्या होत्या, आणि त्यांना वाटत होतं की आवाज नवऱ्याच्या गुडघ्यातून येतोय.

"उठा बघू जरा," त्या म्हणाल्या.

शरदराव उठले. आवाज टेबलावरच राहिला.

लॅपटॉप मुळात मुलीचा, भैरवीचा. ती नोकरीसाठी पुण्याला गेली तेव्हा तो टिळकवाडीतल्या फ्लॅटवर मागे राहिला आणि हळूहळू त्यात सगळ्या खानदानाचे फोटो येऊन पडले. शरदरावांनी फोन लॅपटॉपला टेकवून तिला आवाज ऐकवला.

"बाबा, हार्ड डिस्क चाललीय," भैरवी म्हणाली. "आज जाईल नाहीतर उद्या. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे नवी डिस्क, बसवून घ्या आणि फोटो लगेच तिच्यात उतरवा. नाहीतर गेले म्हणून समजा. किंवा ऑनलाइन ठेवू या, मी करून देते."

"आपले फोटो लोकांच्या घरी कशाला ठेवायचे?" शरदराव म्हणाले, आणि खडेबाजारात निघाले.

दुकान सुहासचं होतं. शाळेत शरदराव त्याला भूगोल शिकवायचे. त्याने एका गिऱ्हाइकाशी कानडीत चाललेला हिशोब अर्धा सोडून सरांना खुर्ची दिली आणि काउंटरवर दोन डब्या ठेवल्या. दोन्ही सारख्याच, विड्याच्या पानाएवढ्या.

"ही दोनशे छप्पन्न जीबीची, ही पाचशे बाराची. सर, तुमची जुनी डिस्क जवळजवळ भरलीय म्हणता. मोठीच घ्या."

शरदरावांनी चष्मा वर केला. "सुहास, माणूस मोठं कपाट घेतो ते मोठा पसारा करण्यासाठी. पसारा कमी केला तर लहान कपाट पुरतं. पुरतं का नाही?"

"पुरतं सर," सुहास म्हणाला. शाळेतही तो सरांशी वाद घालत नसे. "पण निम्मं सामान काढायला लागेल."

"काढतो की."

घरी येऊन शरदराव लगेच कामाला बसले. सुरुवात सोपी होती. लाडवांचे, रांगोळ्यांचे, चुकून निघालेले स्वतःच्या चपलांचे फोटो गेले. पण जागा काही झाली नाही. मग माणसांची पाळी आली.

"हे तुझ्या खानापूरच्या भावांचे," ते म्हणाले. "एकाच गाडीसमोर किती वेळा उभे आहेत बघ. भावकू गाडीच्या डाव्या बाजूला, भावकू उजव्या बाजूला, भावकू बॉनेटवर."

"नवी गाडी होती ती."

"आता जुनी झाली. काढू या."

सरोजिनीबाईंनी पदर खोचला, खुर्ची ओढली आणि पडद्याकडे बोट केलं. "आता हे बघा. मुंजीत मध्यभागी कोण? आक्का. बारशात? आक्का. आपल्या भैरवीच्या साखरपुड्यात नवरामुलगा कडेला आणि मध्ये कोण?"

मध्ये आक्काच होत्या. शरदरावांची थोरली बहीण, मुक्काम निपाणी. कुठल्याही कार्यात फोटोवाला "जरा सरकून घ्या" म्हणाला की बाकीचे सरकत आणि आक्का जागच्या जागी राहत.

शरदराव न्यायी माणूस. त्यांनी ठरवलं, सासरचं आणि माहेरचं समान कापायचं. एक भावकू, एक आक्का. एक भावकू, एक आक्का. दुपारपर्यंत पंगत जवळजवळ उठली.

एवढ्यात आक्कांचा फोन आला. तो रोजच यायचा आणि सरोजिनीबाईच घ्यायच्या.

"काय चाललंय गं?"

"काही नाही आक्का. हे तुमचेच फोटो काढत बसलेत."

"माझं?" आक्का चकित झाल्या. "मी हितं निपाणीत. त्यो तितनं माझं फोटो कसं काढतोय?"

"तसे नाही. लॅपटॉपमधून काढतायत. म्हणजे काढून टाकतायत."

सरोजिनीबाईंना वाटलं, समजावून सांगितलं तर बरं. "तसे लगेच जात नाहीत हो. आधी कचऱ्याच्या डब्यात जाऊन पडतात."

"म्हंजे मी आत्ता कचऱ्याच्या डब्यात हाय?"

"तुम्ही एकट्या नाही आक्का. आमचा भावकू पण आहे."

"बरं," आक्का म्हणाल्या आणि फोन ठेवला.

ते 'बरं' ऐकून शरदरावांचा हात माउसवर थांबला. त्यांनी भैरवीला फोन लावला. सगळं ऐकून ती आधी पोटभर हसली. मग म्हणाली, "बाबा, डबा रिकामा केलाय का?"

"नाही."

"मग काहीच झालेलं नाही. फोटो पण गेले नाहीत आणि जागा पण झालेली नाही. तुम्ही आज दिवसभर फक्त भांडण केलंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात आक्का उभ्या होत्या. हातात पिशवी, पिशवीत लाल तिखटाचा डबा. रागावल्या तरी रिकाम्या हातानं यायची त्यांची पद्धत नव्हती. शरदराव पुढे झाले, पण आक्का त्यांच्या अंगावरून थेट सरोजिनीबाईंकडे गेल्या.

"सरोजिनी, तुझ्या नवऱ्याला इच्यार, मला ठेवलाय का टाकलाय?"

"आक्का, मी इथंच आहे की," शरदराव म्हणाले.

"त्येला म्हणावं, मी तुझ्याशी बोलत न्हाय."

"ऐकलं ना?" सरोजिनीबाई म्हणाल्या.

चहा झाला. आक्कांनी तोही सरोजिनीबाईंच्या हातून घेतला. मग त्या लॅपटॉपसमोर येऊन बसल्या आणि शरदरावांनी कचऱ्याचा डबा उघडून त्यांना एकेक करून बाहेर काढायला सुरुवात केली. डिस्कची कर्र-कर्र वाढली होती. प्रत्येक फोटो वरून खाली, पट्टीपट्टीने उघडत होता. आधी मांडव, मग कपाळ, मग आक्का.

पहिला फोटो फारच सुंदर होता. हिरवी इरकल, नाकात नथ, चेहऱ्यावर हसू. शरदराव घाईने म्हणाले, "हा परत ठेवला बघ."

आक्कांनी डोळे बारीक केले. फोटोच्या कोपऱ्यात काहीतरी शोधलं. "काढ," त्या सरोजिनीबाईंना म्हणाल्या.

"काढू? अहो, किती छान आलाय!"

"काढ म्हंतो न्हवं." निपाणीकडच्या बायकांच्या रीतीने आक्का स्वतःबद्दल 'म्हंतो', 'घेतो' असंच बोलत.

दुसऱ्यात आक्का शिंकत होत्या. डोळे मिटलेले, तोंड उघडं, हातातला पेढा निम्मा उडालेला. सरोजिनीबाईंनी न विचारता बटणाकडे हात नेला.

"असू दे त्यो," आक्का म्हणाल्या.

मुतगेकर नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. पुढेही तसंच चाललं. जिथे आक्का ठसठशीत दिसत, तो फोटो त्या बेधडक उडवत. जिथे त्या अर्ध्या कापलेल्या, घामेजलेल्या किंवा कुणावर तरी ओरडताना दिसत, तो जपून ठेवत. साखरपुड्यातला एक तर असा होता की आक्कांचा नुसता अंबाडाच दिसत होता. तोही राहिला.

"आक्का, ह्यात तुम्ही नाहीच आहात," सरोजिनीबाई हळूच म्हणाल्या.

"नसू दे की. खांद्यामागं बघ."

शरदरावांनी फोटो मोठा केला. अंबाड्यामागे एक पांढरी टोपी होती आणि टोपीखाली एक कान. कान दाजींचा होता.

दाजी म्हणजे आक्कांचे यजमान. वारले त्याला फार काळ लोटला नव्हता. माणूस बोलायला मोकळा, पण कॅमेरा दिसला की बायकोच्या पाठीमागे जाऊन उभा राहायचा. शरदरावांनी शिंकेचा फोटो पुन्हा उघडला. आक्कांच्या पाठीशी टोपी होती. मुंजीतल्यात चष्म्याची एक काडी. बारशातल्यात नुसता हात, आणि हातात पानाचा विडा. एक भावकू, एक आक्का करत त्यांनी काल दाजींना थोडं थोडं करून डब्यात टाकलं होतं.

"मी मधनं का हलत न्हवतो, आत्ता कळलं?" आक्का म्हणाल्या. "सरकलं की ह्ये उघडं पडायचं. मग चिडायचं."

त्या थेट भावाशी बोलल्या होत्या. शरदराव म्हणाले, "आक्का, अजून एक कप चहा घेतेस?"

"घेतो. साखर कमी घालाय सांग."

मग कामाला वेग आला. एका जुन्या फोल्डरमध्ये भैरवीने कॉलेजात असताना काढलेले निपाणीचे फोटो निघाले. त्यात एकदा दाजी अख्खे सापडले. पायरीवर बसून कणीस खात होते आणि भैरवीकडे असं बघत होते, की अजून एक फोटो काढलास तर कणीस फेकून मारीन. आक्का पोट धरून हसल्या.

"बग कसं बगत्यात! तसंच बगायचं, भाजीत मीठ कमी पडलं की."

खानापूरच्या भावांची पाळी आल्यावर आक्कांनी बॉनेटवरच्या भावकूला अभय दिलं. "देखणा दिसतोय पोरगा. ऱ्हाऊ दे." सरोजिनीबाईंनी त्या दिवशी त्यांना पोळीवर जास्तीचं तूप वाढलं.

जेवणं झाल्यावर शरदरावांनी हिशोब पाहिला. आक्कांनी स्वतःला इतक्या निर्दयपणे छाटलं होतं, की उरलेलं सगळं लहान एसएसडीत मावून वर जागा उरत होती. ते मनातून सुखावले. भांडण मिटलं होतं, फोटो वाचले होते आणि तत्त्वही टिकलं होतं. तिघं रिक्षा करून खडेबाजारात गेली. लॅपटॉप आक्कांनी मांडीवर घेतला होता, पदराखाली झाकून.

सुहासने लॅपटॉप कानाशी धरला. "वेळेवर आणलात सर. अजून चालू आहे. संध्याकाळपर्यंत सगळं उतरवून देतो." त्याने पुन्हा दोन्ही डब्या मांडल्या. "मग, दोनशे छप्पन्न ना?"

"दोनशे छप्पन्न," शरदराव ताठ मानेने म्हणाले. "आहेत ते सगळे फोटो आरामात बसतात."

"आन् फुडचं?" आक्कांनी विचारलं.

"पुढचे कसले?"

"फुडचं फोटो रं. ते कुठं ठेवणार?"

"अगं, आपल्याकडे आता कुणाचं काय राहिलंय? भैरवीचं लग्न झालं, मुंजी झाल्या..."

आक्कांनी पदर सावरला आणि भावाकडे नीट पाहिलं.

"तुमी दोगं हाईसा न्हवं? मी हाय न्हवं?" त्या म्हणाल्या. "आमचं आत्ताच संपलं, असं ठरवून आलास व्हय रं?"

दुकानात उभं असलेलं एक कानडी गिऱ्हाईकसुद्धा सरांकडे बघत होतं. सुहासने कुणाच्याही सांगण्याची वाट न बघता लहान डबी उचलून मागच्या फळीवर ठेवून दिली.