वाघोबांच्या टेबलाखालचा प्लग

एका जंगलात, मुलांनो, सगळं कागदावर चालायचं. हत्तीसुद्धा कागद दाखवला तरच वळायचे.

आणि हत्तींची नवी वाट नेमकी चिचुंद्रीच्या बिळावरून जाणार होती. दुपारी बारा वाजता. बिळात तिची चार पिल्लं होती. वाघोबासाहेबांनी मन मोठं करून सांगितलं होतं, "बीळ वाचवा. हुकूम काढा."

हुकूम कचेरीतल्या कॉम्प्युटरमधून निघायचा. तो सकाळपासून सुरूच होईना.

कॉम्प्युटरप्रमुख होता कोल्हा. त्याने पंधरा दिवसांचा कोर्स केला होता आणि सर्टिफिकेट गळ्यात अडकवूनच तो फिरायचा. त्याने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग डोळे मिटून दाबलं.

"व्हायरस आहे," तो म्हणाला.

"सुरू न होताच व्हायरस?" चिचुंद्रीने विचारलं.

"तोच तर भयंकर असतो, बाई."

माकडाने पडद्याला दोन चापट्या मारल्या. "आमच्याकडे टीव्ही असाच लागतो."

अस्वल म्हणालं, "खंडेनवमीला याची पूजा राहिली होती ना? मग रुसणारच." लगेच हार आला. हळदकुंकू झालं. साडेअकरा वाजले.

आता त्या कचेरीची एक रीत होती. साहेबांच्या टेबलाखाली कोणी पाहायचं नाही. सगळे मान वर करूनच काम करायचे. पण चिचुंद्रीची उंची ती किती! तिला न वाकताच दिसलं. टेबलाखाली प्लग निघून पडला होता आणि वायरीला वाघोबांच्या शेपटीचा वेढा होता.

"कोल्हेदादा," ती पुटपुटली, "प्लग निघालाय."

"हळू बोल. मला सकाळीच दिसलाय."

"अहो, मग लावा ना!"

"लावला, तर निघाला कसा ते विचारतील. तू सांगशील?"

"काय कुजबुज चाललीय?" वाघोबा गुरगुरले.

चिचुंद्री दचकून टुणकन उडाली. "साहेब, ते... प्लग निघालाय."

"कोणी काढला?"

माकड छताकडे पाहू लागलं. अस्वलाने हाराची फुलं नीट केली. तेवढ्यात जमीन हादरली. हत्ती निघाले होते.

"मी," चिचुंद्री म्हणाली. "मी काढला, साहेब."

"मला वाटलंच होतं!" कोल्हा ओरडला. त्याने साहेबांची शेपटी अदबीने बाजूला केली आणि प्लग लावला. कॉम्प्युटर लागला.

पहिला कागद निघाला : 'सदर बिळास कोणीही धक्का लावू नये.' माकड तो घेऊन धावलं. हत्ती वळले.

लगेच दुसरा निघाला : 'सरकारी यंत्र बंद पाडल्याबद्दल चिचुंद्रीस सहकुटुंब जंगलाबाहेर काढण्यात येत आहे.'

तिसरा कोल्ह्याच्या सत्काराचा होता.

संध्याकाळी चिचुंद्री निघाली. मागे चार पिल्लं, एकामागे एक, पुढच्याची शेपटी तोंडात घट्ट धरून.

बीळ अजून आहे. आत कोणी राहत नाही. हत्ती मात्र रोज वळसा घालून जातात.

तात्पर्य : कॉम्प्युटर सुरू होत नसेल तर आधी प्लग पाहावा, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. मुलांनो, तुम्ही आधी हार घाला. कारण दोष ज्याला सापडतो, तो त्यालाच ठेवून घ्यावा लागतो.