रशीदचाचा आणि घानाचा माल

आमचं दार वाजलं की मी लगेच उघडत नाही. रशीदचाचा असले तर त्यांना आणखी दोन-तीनदा टकटक करायची असते. ते आत यायला दार वाजवत नाहीत, लाकूड कसलं, कुठल्या मुलखाचं ते ओळखायला वाजवतात. घाईनं उघडलं तर म्हणतात, "लावा परत, सर. नीट ऐकू तर द्या." आमचं दार बाभळीचं आहे. हे त्यांनी मला निदान शंभरदा सांगितलंय, तेही तोंड वाकडं करून.

जुन्या जालन्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांची सागवानाची वखार आहे. मी शाळेत भूगोल शिकवतो, म्हणून जगातल्या सागवानाचा जाब ते मलाच विचारतात. "आज्याच्या टायमाला बर्मा. हात फिरवला की तेल लागायचं हाताला. मंग बर्मानं ओंडके देणंच बंद केलं. आता घाना, इक्वेडोर, पनामा. सगळा लागवडीचा माल, कोवळाच कापलेला. मिसरूड फुटलं न्हाई, अन् म्हणे लग्न लावा."

एका साखरपुड्यात त्यांनी मुलीच्या बापाला बाजूला घेतलं आणि हळूच, म्हणजे मांडवभर ऐकू जाईल असं, सांगितलं, "ही चौकट बर्माची म्हणून घेतली असंल तर फसले तुम्ही. बिलकुल इक्वेडोर हाय." साखरपुडा राहिला बाजूला, वरपक्ष चौकट वाजवत बसला.

त्यांचा एकुलता एक इरफान तीन वर्षांपूर्वी घानाला गेला. तिथल्या लाकूड कारखान्यात ओंडके मोजायचे आणि त्यांवर नंबर टाकायचे, हे त्याचं काम. गेले नऊ दिवस त्याचा फोन लागत नव्हता. चाचा हे स्वतःहून कधीच बोलले नाहीत, मला त्यांच्या घरून कळलं. ते रोज सकाळी येऊन एवढंच विचारायचे, "सर, तिकडं पाऊसपाणी कसं हाय? बंदरं चालू हायत ना? इक्वेडोरवाले बराबर माल धाडून राह्यले. घानाच का चूप?"

मी नकाशातलं जे सुचेल ते सांगायचो. खरं सांगतो, नंतर नंतर माझा फोन वाजला तरी इरफानचा असेल म्हणून मी धावायला लागलो.

मंगळवारी बंदरावरून घानाच्या मालाचा ट्रक आला. शाळेत जाताना पाहतो तर चाचा प्रत्येक ओंडक्याच्या तोंडाशी वाकून बघताहेत.

"काय बघताय, चाचा?"

"ओल बघून राह्यलो," म्हणाले. पण ओल काही अशी बघत नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी मला हाक मारली. एका ओंडक्यावर तेलकट खडूनं नंबर होता आणि त्यातला सात इंग्रजी व्हीसारखा काढलेला.

"हा उर्दू शाळेतला सात. म्यानेजर रोज वरडतो, तरी ह्या गधड्याचा हात तिकडंच जातो. इरफाननं लिवलंय हे." त्यांनी आकड्याच्या शेजारी अंगठा फिरवला, आकड्यावर नाही. मग करवतीच्या मशीनवाल्याला बजावलं की हे तोंड कापायचं नाही. "लिवलंय ना, सर. म्हंजी पोरगं ठीक हाय."

तिथून जहाज यायला महिना-दीड महिना लागतो, आणि फोन बंद होऊन नऊच दिवस झाले होते. मी ते शिकवतो. चाचांचा तर जन्मच त्या जहाजांची वाट बघण्यात गेला.

"हो चाचा," मी म्हणालो. "हात एकदम ठाम आहे."

ते ओंडक्यावर बसले. मग खाली बघतच म्हणाले, "सर, आज शाळेला जरा उशीर झाला तर चालंल का?"

मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी बसलो.